दरवेळी विचारायचं

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईची खोली आणि मोडक्या खाटांचं गोदाम यांच्या मधोमध एक खोली होती, आणि त्या खोलीत चार हजार तीनशे बारा माणसांचं रक्त होतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण खोली दिसायला अगदी गरीब. तीन उंच फ्रीझर, एक टेबल, कार्डांचं लोखंडी कपाट, खुंटीवर टांगलेले जाडजूड हातमोजे आणि टेबलावर एक फोन. ही खोली बावीस वर्षं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे नमुनेकाकू म्हणत. उणे ऐंशी अंशांवर चालणाऱ्या त्या तीन फ्रीझरांना काकूंनी थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं दिली होती. थोरली सारखी कुरकुरायची, धाकटी नवी असूनही महिन्याआड आजारी पडायची, आणि मधली बिचारी चौदा वर्षं ब्र न काढता राबत होती, म्हणून तिची कधी कुणी विचारपूस केली नव्हती. कुटुंबात असंच असतं.

काकूंचं काम सांगायला सोपं होतं. वर डॉक्टर रुग्णाला विचारायचे, "थोडं रक्त संशोधनासाठी ठेवू का?" तो हो म्हणाला की त्याला खाली पाठवायचे. काकू करंगळीएवढ्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि चष्म्यावरून बघत विचारायच्या, "तुमची अट काय?" माणसं चपापायची. रुग्णालयात आपल्याला कुणी अट विचारील असं त्यांना स्वप्नातही वाटलेलं नसायचं. पण एकदा धीर आला की एकेक असल्या अटी निघत! एका पोस्टमनने सांगितलं होतं, "कुणालाही द्या, पण परदेशी पाठवणार असाल तर आधी कळवा. मी स्वतः कधी गेलो नाही, निदान निरोप तरी देईन." एका गृहस्थांची अट होती, "काही वाईट सापडलं तर मला सांगू नका, बायकोला सांगा. ती मला बरोबर सांगेल." शाळेतल्या एका बाईंनी बजावलं होतं, "उंदरांना टोचायचं नाही. उंदरांनी माझं काही बिघडवलेलं नाही."

काकू हे सगळं ज्याच्या त्याच्या शब्दांत कार्डावर उतरवून घ्यायच्या, मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि माणसाने मान डोलावली की मगच नळी आत जायची. बावीस वर्षांत कुणाच्या अटीत त्यांनी पदरचा एक शब्द घातला नव्हता. ह्याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

आणि अशात रकानेसाहेब आले.

त्याचं असं झालं, की सात रुग्णालयांनी मिळून ठरवलं, आपल्याकडचे नमुने आणि त्यासोबतची आजारांची माहिती एकमेकांना द्यायची. पण सातांच्या सात तऱ्हा. एकाच्या कागदावर 'संशोधनासाठी', दुसऱ्याच्या 'वैद्यकीय अभ्यासासाठी', तिसऱ्याच्या 'शिक्षण व तत्सम कारणांसाठी'. चौथ्याकडे कागदच सापडेना. एखाद्या संशोधकाला चार ठिकाणचे नमुने एकत्र हवे असले तर वकिलांच्या पत्रापत्रीत त्याची उमेदीची वर्षं निघून जायची. म्हणून आता सगळ्या अटी बारा रकान्यांत बसवायच्या, प्रत्येक नमुन्याला रकान्याचा आकडा द्यायचा, आणि त्या आकड्याप्रमाणे सातही ठिकाणी एकच नियम. ज्याची अट कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्याच्याकडून नवं संमतीपत्र घ्यायचं. नाही मिळालं तर नमुना बंद. बंद म्हणजे वर्षभर कुलपात आणि मग भट्टीत.

हे काम करायला सात रुग्णालयांच्या समितीने जो माणूस पाठवला तो चाळिशीचा, काटकुळा, खिशाला दोन पेनं लावणारा होता. काकूंनी त्याच्याशी भांडायची पूर्ण तयारी ठेवली होती. रात्री नवऱ्यासमोर तालीमसुद्धा केली होती. पण हा गृहस्थ भांडणाला उभाच राहीना. त्याने पहिल्याच दिवशी उंदरांचं कार्ड वाचलं, खो खो हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आहे काकू, रकाना आहे. सात नंबर. प्राण्यांवर प्रयोग नाही." पोस्टमनसाठी नऊ नंबर निघाला. बायकोला सांगा म्हणणाऱ्या गृहस्थांसाठी चार नंबर. साहेब प्रत्येक कार्ड पूर्ण वाचायचे, अगदी खाडाखोडसुद्धा. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना आपल्या डब्यातलं दिलं, आणि काकूंच्या डब्यातलं मिळणं म्हणजे काय हे धुलाईवाल्यांना विचारा. त्यांना बावीस वर्षांत मिळालं नव्हतं.

अकरा दिवसांत चार हजार तीनशे अकरा कार्डं रकान्यांत बसली. एकच उरलं.

ते कार्ड शिवणवाल्या मावशींचं होतं. त्यावर काकूंच्याच अक्षरात लिहिलं होतं: "कुणालाही द्या, पण दरवेळी मला विचारा. मी कधी कुणाचं कापड न विचारता कापलं नाही. माझं रक्तही मला न विचारता कुणी कापायचं नाही."

एकोणीस वर्षांपूर्वी मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना नुकत्या मुंग्या येऊ लागल्या होत्या. नसांचा आजार, सावकाश चढत जाणारा. आठ वर्षं त्या दर सहा महिन्यांनी येत राहिल्या, आणि एका माणसाचा तो आजार कसा कसा वाढत गेला ते सोळा नळ्यांत ओळीने गोठून राहिलं. अशी मालिका सातांपैकी कुठल्याच रुग्णालयात नव्हती. मग बोटं पार बधिर झाली, गुडघेही रुसले, दोन बस बदलून येणं जमेना. त्यानंतरची अकरा वर्षं फोनवर. तोही काकूंनी करायचा. मावशींच्या बोटांना कुठला आकडा दाबला ते कळायचं नाही. एकदा त्यांनी काकूंना फोन लावायचा प्रयत्न केला होता, तर अग्निशमन दलाची गाडी दारात येऊन उभी राहिली होती.

"दरवेळी विचारायचा रकाना नाहीच," रकानेसाहेब कार्ड हातात धरून म्हणाले. "कळवायचा आहे. कळवणं एका दमात हजारांना जमतं. विचारायचं म्हणजे उत्तराची वाट बघावी लागते."

"मग करा तेरावा," काकू म्हणाल्या.

"मागून बघतो. पण समितीला पुरावा लागेल की विचारणं खरंच जमतं. ह्यांना आजवर किती वेळा विचारलंत आणि किती वेळा नमुने गेले, तेवढं काढू या."

चांगल्या मनाने निघालेला माणूस कधीकधी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतो. साहेबांनी परवानगीचं रजिस्टर काढलं, नमुने बाहेर पाठवल्याचं रजिस्टर काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि बोट फिरवू लागले. मग पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

"काकू, अकरा वर्षांत एकतीस वेळा परवानगी घेतलीत. नमुने गेले चार वेळा. मधल्या सत्तावीस जणांना नंतर नको झाले का?"

हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. साहेबांनी उत्तर जवळजवळ हातात आणून दिलं होतं. पण काकूंना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणजे एक ठिकाण सोडलं तर नव्हती.

"सत्तावीस जण नव्हतेच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौथी परवानगी घेतली त्या दिवशी मावशी म्हणाल्या होत्या, "परवापासून आज पहिला शब्द बोलतेय बघ. आवाज फुटतो की नाही हीच शंका होती." ते वाक्य काकूंच्या डोक्यातून जाईना. पुढे चार महिने कुणी त्यांचे नमुने मागितले नाहीत. एक दिवस काकूंचा हात आपोआप फोनकडे गेला, आणि पलीकडून मावशींनी इतक्या आनंदाने विचारलं, "कोणाला हवंय गं?" की काकूंच्या तोंडून निघून गेलं, "आहे एकांना हवंय, मावशी." त्या दिवशी काकूंनी कानाला खडा लावला. चार महिन्यांनी तो खडा गळून पडला.

"म्हणजे रजिस्टरात खोट्या नोंदी," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"रजिस्टरात खोटं नाही. बघा नीट. 'कोणी मागितलं' तिथे सत्तावीस ठिकाणी रेघ आहे. हात धजलाच नाही. खोटं बोलले ते फक्त फोनवर."

साहेबांनी पाहिलं. खरंच रेघा होत्या, पट्टीने मारलेल्या. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि नियम सांगितला. देणाऱ्याची दिशाभूल झाली असेल तर त्याला ते सांगावं लागतं. त्याने तक्रार केली तर ती नोंद ज्या रजिस्टरात आहे ते सबंध रजिस्टर बाद धरतात. मग त्यातल्या प्रत्येकाला नव्याने विचारायचं.

"प्रत्येकाला?" काकू म्हणाल्या. "पोस्टमन गेला. उंदरांच्या बाई गेल्या. निम्मी माणसं घरं बदलून कुठे गेली कुणास ठाऊक. त्यांना कोण विचारणार?"

"कुणीच नाही. ते नमुने बंद होणार."

काकूंनी तिन्ही फ्रीझरांकडे पाहिलं. थोरली, मधली, धाकटी, तिघींच्या पोटातलं सगळं भट्टीत जाणार, आणि का, तर काकूंना एका म्हाताऱ्या बाईचा आवाज ऐकायची हौस होती म्हणून.

"शुक्रवारी अहवाल द्यायचाय," साहेब म्हणाले. "मला हे दिसलंच नाही असं म्हणता येणार नाही, काकू."

"म्हणूही नका. गुरुवारी जाऊ आपण दोघं. मी माझ्या तोंडाने सांगते."

गुरुवारी दोन बस बदलून ते मावशींकडे गेले. जिना अरुंद होता आणि प्रत्येक मजल्यावर कुणाची तरी सायकल आडवी लावलेली होती. काकू दर पायरीला मनात वाक्य जुळवत होत्या आणि दर मजल्यावर ते मोडत होतं. अकरा वर्षांत त्यांनी मावशींना पाहिलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

मावशींनी दार उघडलं. केवढ्याशा झाल्या होत्या. गळ्यात मोजायची फीत मात्र होती, अकरा वर्षांत एक टाका घातला नसला तरी. खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर मापात शिवलेली निळी खोळ, आणि खोळीवर मधोमध फोन, एखाद्या पाहुण्याला बसवावा तसा. कपाटावर दोऱ्यांची रिळं रंगवार लावलेली.

"आलीस? जाड झालीस," मावशी म्हणाल्या. "आवाजावरून वाटलं नव्हतं. आणि हा कोण?"

"समितीचे साहेब आहेत, मावशी."

"बस रे बाबा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो."

काकूंनी बसायच्या आत बोलून टाकलं. बसल्या असत्या तर जमलं नसतं. "मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले. एकदा नाही, सत्तावीस वेळा. कुणीही तुमचं रक्त मागत नव्हतं आणि मी मागतायत म्हणून फोन करत होते. तुम्हाला तक्रार करायचा हक्क आहे. साहेब लिहून घेतील."

मावशी उठल्या, यंत्राचा खण दोन्ही तळव्यांनी ओढून उघडला आणि आतून एक जुनी मापाची वही काढली. तळव्यांतच धरून साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"शेवटचं पान काढ. मोज."

पानावर जाड पेन्सिलीने, मुठीत धरून काढल्यासारख्या उभ्या रेघा आणि ठिपके होते. साहेबांनी मोजले. उभ्या रेघा चार, ठिपके सत्तावीस.

"रेघ म्हणजे खरा, ठिपका म्हणजे खोटा," मावशी म्हणाल्या.

काकूंचा आ वासलेला तसाच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, चाळीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळली मी. कंबर किती ते बायका सांगायच्या आणि खरी किती ते मला कळायचं. खरं संशोधन असलं की तू कागद वाचल्यासारखं बोलायचीस, दोन मिनिटांत फोन खाली. खोटं असलं की आधी माझे गुडघे, मग हवा, मग शेजारीण, आणि अर्ध्या तासाने एकदम आठवण, अगंबाई, परवानगी राहिली! आणि नावं तरी काय एकेक. 'शिवणकाम करणाऱ्यांची नजर.' 'जिने आणि रक्तदाब.' एकदा म्हणालीस, 'मांजर पाळणाऱ्यांचं रक्त.' मी कधी मांजर पाळलं?"

"शेजारणीचं येतं म्हणाला होतात," काकू पुटपुटल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"तरी दरवेळी हो म्हणालात तुम्ही," साहेब म्हणाले.

"मग काय नाही म्हणू? मलाही फोन हवाच होता की."

हे ऐकून काकूंना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही. मावशींनी गळ्यातली फीत काढून त्यांच्या हातात दिली, डोळे पुसायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून. इकडे साहेब दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा ताडून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत होता. रजिस्टरात चार आणि सत्तावीस. वहीत चार आणि सत्तावीस. बाहेरच्या माणसाने स्वतंत्र ठेवलेली नोंद काकूंच्या रजिस्टराशी तंतोतंत जुळत होती. त्यांनी तिथेच कागद काढला आणि मावशींनी सांगितलं तसं लिहून घेतलं: "माझी फसवणूक झाली नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं. माझी काहीही तक्रार नाही, हवं तर ह्या बाईला खोटं बोलायला शिकवा, तिला येत नाही." शेवटचं वाक्य गाळू का, असं साहेबांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, माझ्या कापडाला न विचारता कात्री लावायची नाही. वाक्य राहिलं.

रजिस्टर बाद होण्यापासून वाचलं. चार हजार तीनशे अकरा माणसांचे शब्द जिथे होते तिथे राहिले. काकूंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच साहेबांनी दुसरा कागद काढला, मावशींच्या सोळा नळ्यांचा.

"आजी, तेराव्या रकान्यासाठी मी भांडलो. काल नकार आला. आता एक नंबरचा रकाना लिहून दिलात, म्हणजे न विचारता कोणतंही संशोधन, तरच तुमचे नमुने वापरता येतील. नाहीतर बंद."

"न विचारता," मावशींनी शब्द चावून बघितला. "म्हणजे मग हिला फोन करायचं कारणच उरलं नाही."

"मी करीन ना, मावशी," काकू घाईने म्हणाल्या.

"नको कबूल करूस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू कामाशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीस. अकरा वर्षांत एकदा तरी नुसता फोन केलास? काम नव्हतं तर खोटं काम काढलंस, पण नुसता नाही केलास. आणि मला तर लावताच येत नाही. मी लावला तर बंबवाले येतात."

मावशींनी नेमकं माप घेतलं होतं. खाली कुणी तरी सायकल उतरवत होतं, तिची घंटी प्रत्येक पायरीला वाजत होती.

"तुला काय एवढं पडलंय रे ह्या रकान्यांचं?" मावशींनी अचानक साहेबांना विचारलं.

साहेबांनी दोन्ही पेनं खिशात नीट केली. "माझी बहीण आहे. नसांचाच आजार, पायाला. तिच्यासारख्यांचे नमुने पाच रुग्णालयांत पडून होते. सगळ्यांच्या अटींचा अर्थ एकच होता, शब्द वेगळे. ते एकत्र यायला चार वर्षं लागली. मग औषध सापडलं. आता ती काठी घेऊन चालते. चार वर्षं आधी मिळालं असतं तर काठी लागली नसती."

"किती वर्षांची?"

"छत्तीस."

"काठी कुठल्या हातात धरते?"

"डाव्या."

मावशींनी आपल्या हातांकडे पाहिलं. उलटे केले, सुलटे केले. ह्याच हातांनी त्यांनी निम्म्या गल्लीला कपडे घातले होते. "माझ्या त्या सोळा नळ्या पाहून कुणाला तरी सुई धरता येईल, असं आहे का?"

"सांगता येत नाही, आजी. कदाचित."

"खरं बोलतोस. हिच्यापेक्षा बरा आहेस." त्यांनी हात पुढे केला. "आण तो कागद. कापड घडी घालून ठेवलं तर कसर खाते नुसती."

सही करायला त्यांना चार मिनिटं लागली. पेन मुठीत, जीभ दातांत. काकू मदतीला पुढे झाल्या तर त्यांनी कोपराने ढकललं. अक्षरं वाकडी आली, पण पूर्ण आली. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि काकूंना म्हणाल्या, "जा आता. कारण संपलं तुझं." हसत म्हणाल्या, पण फोनकडे बघत म्हणाल्या, आणि ते काकूंना दिसलं.

सोमवारी मावशींच्या नळ्या दोन रुग्णालयांनी मागितल्या. काकूंनी मधलीच्या दुसऱ्या खणातून डबी काढली, कोरड्या बर्फात ठेवली, चिठ्ठीवर एक नंबर लिहिला. सगळं मिळून नऊ मिनिटं लागली. पूर्वी ह्या कामाला अर्धा दिवस जायचा. सवयीने त्यांचा हात फोनवर गेला आणि तसाच मागे आला.

घरी त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आलं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बारीक बिघाड त्याला पटकन ऐकू यायचा.

"अगं, मग कर ना फोन."

"काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

"मग कशाला करू?"

नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढून बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं. तीस वर्षांच्या संसारात काही यंत्रं उघडू नयेत हे त्याला कळलेलं होतं.

मंगळवारी काकूंनी फोन उचलला आणि ठेवला. बुधवारी नंबर अर्धा फिरवला. 'कशा आहात' एवढं विचारायला काय लागतं? पण विचारून झाल्यावर पुढे काय, हे त्यांना कुठल्याच कार्डावर सापडेना. आपल्यासारखी मूर्ख बाई ह्या सातही रुग्णालयांत नसेल असं त्यांना वाटलं, आणि मावशींची इतकी आठवण आली की उगाच धाकटीचं दार उघडून त्या थंडीत तोंड घालून उभ्या राहिल्या.

गुरुवारी अकरा वाजता फोन वाजला. काकूंनी कामाच्या आवाजात सांगितलं, "नमुने विभाग."

"लागला एकदाचा!" पलीकडून मावशी म्हणाल्या. "सकाळपासून लावतेय. बोटात शिवायचं अंगुस्तान घातलं, लोखंडी टोपीच ती. ती बरोबर एकच आकडा दाबते, हे इतकी वर्षं सुचलं नाही बघ. पाच वेळा चुकले. एकदा दातांचा डॉक्टर लागला, बरा आहे बोलायला. त्याचा नंबर ठेवलाय."

"मावशी!" काकू जवळजवळ ओरडल्या.

"थांब, कामाचं आधी. मी एक अभ्यास करतेय. तळघरात काम करणाऱ्या बायकांचा. त्यांचे गुडघे, त्यांची झोप, दुपारी डब्यात काय होतं, नवऱ्याशी भांडण झालं का, अशी सगळी माहिती लागणार. तुझी परवानगी हवी होती."

काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "कोणी मागितलीय माहिती?"

"तिथे रेघ मार," मावशी म्हणाल्या. "बोल, देतेस का?"

"देते."

"अशी नुसती नको. तुझी अट काय?"

बावीस वर्षांत काकूंनी हा प्रश्न चार हजार तीनशे बारा माणसांना विचारला होता. त्यांना तो कधी कुणी विचारला नव्हता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"दरवेळी विचारायचं, मावशी," त्या म्हणाल्या. "न विचारता काही घ्यायचं नाही. दरवेळी फोन करून विचारायचं."

"बरं. तुझ्याच शब्दांत लिहून घेते," मावशी म्हणाल्या. "धर जरा, पेन्सिल कुठे गेली बघते."